दोनचं रीडिंग

पाणीपुरवठ्यात बत्तीस वर्षं काढली मी. पंप ऑपरेटर म्हणून लागलो आणि पंप ऑपरेटर म्हणूनच बाहेर पडलो. मधे कोणी वर चढवलं नाही, मीही कोणाच्या मागे लागलो नाही. नळ सोडला की पाणी येतं एवढं लोकांना माहीत असतं. ते पाणी कोणीतरी वर टाकीत चढवतं आणि तो कोणीतरी दर तासाला एका तबकडीसमोर उभा राहून आकडा लिहितो, हे त्यांना माहीत असायचं काही कारण नाही.

पण हे माझ्याबद्दल नाही, काट्याबद्दल आहे. काटा गेल्या महिन्यात गेला. त्याच्यावर चार ओळी लिहील असं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही, आणि त्या कामाला माझ्याइतका नालायक माणूसही दुसरा नाही. दोन्ही खरं आहे, म्हणून उगाच आढेवेढे न घेता लिहितो.

आमचं पंपिंग स्टेशन म्हणजे एक उंच छताची खोली, चार मोटारी, बाहेर दोन मोठ्या टाक्या आणि टाकीवर चढायची लोखंडी शिडी. आवाज एवढा की आत ओरडून बोलायचं आणि घरी गेल्यावर तसंच ओरडतो म्हणून बायकोची बोलणी खायची. दर तासाला रजिस्टरमध्ये तीन आकडे भरायचे: टाकीची पातळी, पाइपातला दाब, मोटारीचा करंट. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात 'सर्व ठीक' लिहायचं आणि सही ठोकायची.

आता आतली गोष्ट सांगतो. सकाळपाळी सहा ते दोन. पण दोनचं रीडिंग दोन वाजता कोणीच लिहीत नसे. दीड वाजला की हात धुवायचे, एकच्या आकड्यात थोडं इकडे-तिकडे करून दोनचे आकडे भरायचे, 'सर्व ठीक', सही, आणि पावणेदोनची बस. ती चुकली तर थेट अडीचची, मग जेवायला साडेतीन. अर्ध्या तासात टाकी काय पळून जाणार आहे? साहेबांना माहीत होतं, दुपारपाळीवाल्याला माहीत होतं, आणि कधी कोणाचं काही बिघडलं नाही. ही लबाडी आहे असं कोणाच्या डोक्यातही येत नसे. चप्पल घालण्याइतकी ती सवयीची झाली होती.

काटा तेवढा हे करत नसे.

एकदा त्याच्या अंगात चांगला सणसणून ताप होता. डोळे लाल, दात वाजतायत, आणि हा पठ्ठ्या तबकडीसमोर स्टुलावर बसलेला. मी म्हटलं, "अरे, जा की घरी. मी भरतो दोनचं."

"दोन वाजायचेत अजून."

"काय फरक पडतो? आकडा तोच येणार."

"आकडा तोच येईल रे," तो म्हणाला, "पण बघितलेला नसेल कोणी." मग म्हणाला, "आकड्याला काय किंमत आहे? या वेळेला मी इथे होतो आणि मी बघितलं, एवढंच आपण लिहीत असतो. नाहीतर आकडे काय, घरी पाय पसरूनही लिहिता येतील."

आम्ही खो-खो हसलो. फ्यूजने तिथल्या तिथे तबकडीच्या काट्यावरून त्याचं नाव काटा ठेवलं आणि ते त्याला चिकटलं. पुढे पगाराच्या दिवशी कारकून त्याचं खरं नाव पुकारायचा तेव्हा आम्हीच इकडेतिकडे बघायचो.

फ्यूज हा आमचा इलेक्ट्रिशियन. दिवसातून तीनदा भडकायचा आणि पाच मिनिटांत गार व्हायचा, म्हणून फ्यूज. चौथ्या होत्या प्रयोगशाळेतल्या ताई. त्या पाण्याचे नमुने तपासायच्या. वयाने आमच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठ्या, पण साहेबसुद्धा त्यांना ताईच म्हणत. दुपारचा चहा आम्ही चौघं त्यांच्या टेबलावर घ्यायचो, तिथे आवाज कमी यायचा म्हणून. वीस वर्षं तो चहा चालला. काटा कमी बोलायचा, पण बोलला की ताईंच्या हातातला कप हिंदकळायचा. नव्या साहेबांबद्दल एकदा म्हणाला, "यांचा दाब चांगला आहे, पातळीचं काही कळत नाही."

काट्याने लग्न केलं नाही. आई आणि तो, दोन खोल्यांत. धाकटी बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी. आई सात वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि तो पाळ्या सांभाळून तिचं सगळं करायचा. ती गेली तेव्हा आम्हाला वाटलं, सुटली बिचारी, आणि हाही सुटला. तोंडावर तसं म्हणालोही. माणूस मूर्खासारखं काय काय बोलून जातो.

आई गेल्यावर महिन्याभरात तो पाळी संपली तरी घरी जाईना. रीडिंग घ्यायचा, लिहायचा, परत जाऊन बघायचा, खोडायचा, परत लिहायचा. ज्या माणसाच्या रजिस्टरात वीस वर्षांत खाडाखोड नव्हती त्याचं पान काळं व्हायला लागलं. झोप गेली, जेवण गेलं. कोणी विचारलं तर म्हणायचा, "मी नजर काढली की पातळी खाली जाते." आम्ही आधी थट्टा केली. मग एका सकाळी तो मोठ्या व्हॉल्व्हचं चाक धरून उभा राहिला आणि सोडेचना. फ्यूजने आणि मी एकेक बोट उलगडून त्याचे हात सोडवले. तो लहान मुलासारखा रडत होता आणि मोटारींच्या आवाजात ते ऐकूही येत नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. म्हणाले, मनाचा आजार आहे, बरा होतो, पण निदान चार-सहा आठवडे एकटं सोडू नका. अजिबात नको. 'अजिबात' म्हणताना त्यांनी आमच्याकडे एकेक करून बघितलं. बहिणीचं तान्हं मूल दवाखान्यात होतं, तिला निघता येईना. फोनवर ती मला म्हणाली, "दादा तुमच्या स्वाधीन आहे." मी म्हटलं, तू निश्चिंत राहा.

आम्ही तिघांनी रजा वाटून घेतल्या आणि पाळ्या लावल्या. आम्हाला दुसरं काय येत होतं? सकाळी सहा ते दोन मी, दोन ते रात्रीपर्यंत फ्यूज, संध्याकाळी प्रयोगशाळा बंद झाली की ताई. रात्री दुसऱ्या दिवशी ज्याला सवड तो झोपायला. आणि रजिस्टर. ती कल्पना माझी. "रजिस्टरशिवाय हे काम व्हायचं नाही," असं मी मोठ्या रुबाबात म्हणालो आणि स्टेशनातून एक कोरं रजिस्टर उचलून आणलं. पातळी, दाब आणि करंट खोडून तिथे झोप, जेवण आणि बोलणं लिहिलं. शेरा तसाच ठेवला. खाटेशेजारी स्टुलावर ते रजिस्टर, त्याला दोरीने बांधलेलं पेन. पहिले तीन दिवस काटा त्याच्याकडे बघतही नव्हता.

ते दिवस आठवले की मला आजही बरं वाटतं, ही माझी आणखी एक लाज. कारण आम्ही चांगलं सांभाळलं त्याला. खरंच चांगलं. फ्यूज त्याची दाढी करायचा, नखं काढायचा आणि सारखा त्याच्यावर खेकसायचा. "मान वर कर. आणखी वर. मोटार उघडायला सोपी तुझ्यापेक्षा!" एकदा काट्याने घास तोंडातून परत काढला तर फ्यूज इतका भडकला की ताट घेऊन स्वयंपाकघरात गेला, तिथे स्वतः रडला आणि तोंड धुऊन परत भरवायला बसला. लिहिलं मात्र, 'जेवण: अर्धं. शेरा: हट्टी आहे.'

ताईंची तऱ्हा वेगळी. त्या पाण्यातलं क्लोरीन तपासायची काचेची नळी आणि औषधाची बाटली घेऊन आल्या. नळाचं पाणी नळीत घ्यायचं, थेंब टाकायचे, पाणी पिवळं होतं, आणि तो पिवळेपणा तक्त्यातल्या रंगांशी जुळवायचा. त्या काही न बोलता खाटेजवळ बसून हे रोज करत. पाचव्या दिवशी त्या चुकीच्या खान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा रंग." भिंतीकडे तोंड करून पडलेला काटा वळला, बघितलं, म्हणाला, "नाही. त्याच्या खालचा." रजिस्टरात त्या दिवशीच्या 'बोलणं' या रकान्यात ताईंच्या सुबक अक्षरात 'तीन शब्द' असं लिहिलेलं आहे. आम्ही ते एकमेकांना दाखवत फिरलो.

माझं काम म्हणजे पत्ते. मी उघड उघड चोरी करायचो आणि तो दहाव्या दिवसापासून ती पकडायला लागला. चौदाव्या दिवशी हसला. सोळाव्या दिवशी स्वतः चहा केला, साखर विसरला, आणि आम्ही तिघांनी तो अगोड चहा अमृतासारखा प्यायला. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे, पण गाफील राहू नका. वर येताना पेशंट जास्त सांभाळावा लागतो.

एकोणिसावा दिवस. गुरुवार. त्या सकाळी तो पुन्हा गप्प होता. पत्ते नको म्हणाला. अकराच्या सुमाराला त्याने एकदम विचारलं, "तू दोनपर्यंत आहेस ना?"

"मग जातोय कुठे?" मी म्हटलं.

"नाही, विचारलं आपलं."

दीडला बघितलं तर डोळे मिटलेले, श्वास एका लयीत. मी हात धुतले. रजिस्टर ओढलं. '२.०० — झोपलेला. शांत. सर्व ठीक.' सही. हे करताना मी काही वेगळं करतोय असं मला क्षणभरही वाटलं नाही, ही शपथेवर सांगायची गोष्ट आहे. दोनला फ्यूज येणारच होता. कडी न लावता दार हळूच ओढून घेतलं, त्याची झोप मोडू नये म्हणून. पावणेदोनची बस मिळाली. बसायला जागासुद्धा मिळाली.

फ्यूज आला सव्वादोनला. काट्याच्या गोळ्या संपत आल्या होत्या. एका दुकानात मिळाल्या नाहीत म्हणून तो दुसऱ्या दुकानात गेला होता. दार सताड उघडं, खाट रिकामी. त्याच्या वाकड्या अक्षरात पुढची नोंद आहे: '२.१५ — खोलीत नाही.' त्या धावपळीतही त्याने नोंद केली. मग तो स्टेशनच्या दिशेने पळत सुटला. गेटसमोरच्या रस्त्यावर गर्दी दिसली. काटा अनवाणी रस्ता ओलांडत असताना टेंपोने उडवला होता. वाचला. डावा पाय गुडघ्याखाली चिरडला होता.

संध्याकाळी बहीण येऊन पोचली, मूल कडेवर तसंच. दवाखान्याच्या बोळात आम्ही तिघं उभे होतो. ताईंनी काही लपवायचं नाही म्हणून ते रजिस्टर तिच्या हातात दिलं. तिने शेवटच्या दोन नोंदी वाचल्या आणि फ्यूजकडे बघितलं.

"दोन वाजता दादा झोपलेला होता," ती म्हणाली. "तुम्ही दोनला यायचं होतंत. कुठे होतात तुम्ही?"

फ्यूजच्या हातात गोळ्यांची पुडी होती. तो म्हणाला, "औषधाच्या दुकानात." एवढंच. त्याने पुडी दाखवलीसुद्धा नाही.

मी तोंड उघडलं. आजही मला आठवतं की मी तोंड उघडलं होतं. त्यातून बाहेर पडलं ते, "डॉक्टर काय म्हणाले?"

त्या एका वाक्यावर पुढची अकरा वर्षं गेली.

बहीण काट्याला आपल्याकडे घेऊन गेली. वर्षभराने तो परत आला तेव्हा मनाने पुष्कळ बरा होता. गोळ्या चालू होत्या, झोप होती, आणि पाय आखडलेला. शिडी चढता येईना म्हणून ऑपरेटरचं काम गेलं, त्याला स्टोअरच्या खिडकीत बसवलं. नट-बोल्ट, वॉशर, दोऱ्याच्या गुंड्या. तो तेही काट्यासारखंच करायचा. पण कधीकधी स्टोअर बंद करून लंगडत पंपघरात यायचा आणि कोणाला त्रास न देता तबकडीकडे बघत उभा राहायचा.

फ्यूज तोपर्यंत तिथे नव्हता. त्या गुरुवारनंतर त्याचं भडकणंच बंद झालं. कोणी वायर चुकीची जोडली तरी काही बोलायचा नाही, नीट करून द्यायचा. मला म्हणायचा, "पंधरा मिनिटं रे. सकाळीच आणून ठेवल्या असत्या गोळ्या तर?" मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचो, "तुझी काही चूक नाही." हे वाक्य मी त्याला दहा वेळा तरी सांगितलं असेल. त्यापुढचं वाक्य एकदाही नाही. काटा परत यायच्या आधी दोन महिने त्याने नदीकाठच्या स्टेशनावर बदली मागून घेतली. जाताना ताईंना म्हणाला, "त्याला तोंड दाखवायचं कसं?"

आणि ताई. निवृत्त होऊन मुलाकडे राहायला जायच्या आदल्या दिवशी कपाट आवरताना त्यांनी मला सहज विचारावं तसं विचारलं, "त्या दिवशी तुमची पावणेदोनची बस चुकली होती, नाही का?"

"हो," मी म्हटलं.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि काचेच्या नळ्या कागदात गुंडाळत राहिल्या. त्यानंतर त्यांनी मला पत्र लिहिलं नाही, फोन केला नाही.

तुम्ही म्हणाल, सांगून का नाही टाकलं? पहिल्या आठवड्यात भीती वाटत होती. पहिल्या महिन्यात वाटलं, आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलं असं विचारतील. वर्ष झाल्यावर ते विचारणं आणखी जड झालं. मी वाईट माणूस आहे असं मला वाटत नाही. मी पावणेदोनच्या बसचा माणूस आहे. जे काम पुढे व्हायचंच आहे ते झालं असं आधी लिहून टाकायचं आणि निघायचं.

काट्याकडे मात्र मी जात राहिलो. दर बुधवारी, दोघंही निवृत्त झाल्यावरसुद्धा. पत्ते, चहा, साखर घातलेला. तो माझ्यापेक्षा आधीपासूनच शहाणा होता, आजाराने आणखी झाला. गोळी घ्यायची वेळ झाली की बोलणं थांबवून गोळी घ्यायचा, न लाजता. शेजारचा एक तरुण नोकरी जाऊन खोलीत कोंडून बसला होता तर काटा रोज त्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचा. उपदेश नाही, काही नाही. "मी इथे आहे, चारपर्यंत," एवढं सांगायचा आणि चारपर्यंत बसायचा. महिन्याभराने तो पोरगा बाहेर येऊन शेजारी बसायला लागला.

गेल्या महिन्यातल्या एका बुधवारी पत्ते पिसता पिसता काटा म्हणाला, "त्या दिवशी मी जागा होतो."

कोणत्या दिवशी, हे मी विचारलं नाही.

"तू हात धुतलेस ते ऐकलं. दार ओढलंस तेही. वाटलं, फ्यूज आला असेल, बाहेर बोलत असाल. मग उठलो. रजिस्टर बघितलं. त्यात लिहिलेलं, दोन वाजता झोपलेला, शांत. घड्याळात दोनला वीस कमी." त्याने पत्ते खाली ठेवले. "फार साधा विचार आला रे डोक्यात. माझं दोनचं लिहून झालंय. आता दोन वाजता मी असलो काय आणि नसलो काय."

मी खाली बघत होतो.

"टाकीकडेच निघालो होतो मी. पातळी बघायला नव्हे. गेटसमोर बराच वेळ उभा राहिलो, मग पाऊल टाकलं आणि टेंपो आला. त्या टेंपोवाल्याला लोकांनी मारलं. खरं तर त्याच्यामुळे वाचलो."

"माझी चूक..." मी सुरुवात केली.

"होतीच," तो म्हणाला. "नव्हती असं मी म्हणणार नाही. आणि एकोणीस दिवस येऊन बसलास, पत्त्यांत चोरी केलीस, तेही आहेच. दोन्ही रीडिंग खरी आहेत. एकामुळे दुसरं खोडता येत नाही." मग त्याने विचारलं, "फ्यूज का येत नाही?"

"काय माहीत."

"मला वाटायचं, वेड्याला कंटाळला असेल. त्याने भोगलंही माझ्यापायी कमी नाही. पण हल्ली फार आठवण येते. खेकसणारं कोणी राहिलं नाही." तो हसला. "बहीण त्या दिवशी त्याला बरंच बोलली म्हणतात. तू नंतर त्याला सांगितलंस ना, दीडचं?"

अकरा वर्षांनी तीच जागा पुन्हा आली होती. या वेळी फक्त 'नाही' म्हणायचं होतं.

"सांगितलं की," मी म्हटलं. "तेव्हाच. आणि परवा फोन झाला आमचा. येतो म्हणालाय रविवारी."

काट्याचा चेहरा असा काही उजळला की मला वाटलं, यात वाईट काय आहे? आज बुधवार. उद्या-परवा फ्यूजकडे जाऊ, सगळं सांगू, पाया पडू, रविवारी घेऊन येऊ. मग मी बोललो ते खरंच होईल. निघताना काटा विचारत होता, "किती वाजता येणार?" मी म्हटलं, "चारच्या सुमाराला."

गुरुवारी गेलो नाही. शुक्रवारी गुडघा दुखत होता, म्हणजे रोजच दुखतो. शनिवारी बसने नदीकाठच्या थांब्यापर्यंत गेलो. फ्यूजचं घर तिथून दिसतं. अंगणात तो पालथा पंखा मांडीवर घेऊन बसला होता. मी थांब्यावरच्या बाकावर बसून राहिलो आणि पुढच्या बसने परत आलो. रविवारी कुठेच गेलो नाही. काट्याकडे जाऊन 'तो आज येत नाही' एवढं तरी सांगायचं, तेही नाही. सोमवारी फोन करायचा ठरवलं आणि संध्याकाळपर्यंत ठरवत राहिलो.

मंगळवारी सकाळी काटा झोपेतून उठला नाही. हृदयाचा त्रास दोन वर्षांपासून होता, त्यातच गेला, असं डॉक्टर म्हणाले. मी फ्यूजला फोन करून सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला. शेवटच्या दर्शनालाही आला नाही.

आठवड्याने बहिणीने खोल्या आवरल्या आणि मला बोलावलं. तिने ते रजिस्टर माझ्या हातात दिलं. ते काट्याने इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. "शेवटच्या पानावर दादाने काहीतरी लिहिलंय," ती म्हणाली. "मला नीट कळलं नाही. तुम्हाला कळेल."

फ्यूजची '२.१५ — खोलीत नाही' ही नोंद, त्यानंतर कोरी पानं, आणि एका नव्या पानावर काट्याचं ते कोरीव अक्षर. तारीख, रविवार.

'४.०० — फ्यूज आलेला नाही. चहाची तयारी केली आहे.
५.०० — आलेला नाही.
६.०० — आलेला नाही.
७.०० — आलेला नाही.
८.०० — आलेला नाही. दिवा चालू ठेवला आहे.'

खाडाखोड नव्हती. प्रत्येक ओळ त्या त्या वेळी लिहिलेली, हे मला कोणी सांगायला नको होतं.

तिथून मी सरळ नदीकाठी गेलो. या वेळी बाकावर बसलो नाही, बसलो असतो तर उठलो नसतो. फ्यूज पायरीवर होता. केस पांढरे झालेत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. दीड, दार, बस, दवाखान्याचा बोळ, अकरा वर्षं, बुधवार, रविवार. काही गाळलं नाही. वाटलं होतं, आता याचा फ्यूज उडेल. उडावा असंच वाटत होतं. आडवातिडवा मारला असता तरी मी हात वर केला नसता.

त्याने चष्मा लावला आणि रजिस्टर मागितलं. एकोणीस दिवसांची पानं त्याने एकेक करून उलटली. 'हट्टी आहे' वर जरा थांबला. माझी दोनची नोंद वाचली, तिच्याखालची स्वतःची वाचली. मग शेवटचं पान आलं. प्रत्येक ओळीखाली बोट धरून तो चारपासून आठपर्यंत गेला.

"मी येणार असं त्याला कोणी सांगितलं?"

"मी."

"आणि तो माझी वाट बघत बसला."

"हो."

फ्यूजने रजिस्टर मिटलं, मांडीवर ठेवलं आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवले.

"म्हणजे या खेपेलाही," तो म्हणाला, "मीच उशीर केला."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसलो आणि दीड वाजल्यापासून सगळं पुन्हा सांगायला लागलो.